मास्तरांची कबुली

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो नेमका नको तो.

"किती घेता?"

गुणवंतराव मास्तरांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, गोळ्यांचं विचारताहेत. मग डॉक्टरांनी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला आणि मास्तरांचा पिवळा पडलेला चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी पीत नाही साहेब."

"पूर्वी?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. त्यांचा तरी काय दोष, "कधीच नाही" म्हणणारी माणसं त्यांच्यापुढे रोजच येऊन बसत असणार. पण मास्तरांची बायको भागीरथा बाजूलाच उभी होती आणि मास्तरांना तिच्याकडे पाहवेना. बेचाळीस वर्षांचा माणूस, पोटात पाणी होऊन सदऱ्याची खालची बटणं लागेनाशी झालेली, त्यात हा सवाल. ते तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "तू बाहेर बस जराशी. चाय घे."

ती मुकाट्यानं बाहेर जाऊन बाकावर बसली. पुढचं सगळं रामायण त्या बाकावरून सुरू झालं, असं मला वाटतं. ती आत राहिली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

मास्तर साधे नव्हते, हे आधी सांगायला पाहिजे. धानोरा रस्त्यावरच्या पिपरटोल्याच्या शाळेत त्यांनी आयुष्य घातलं. बौद्ध मोहल्ल्यात विहार उभारलं ते त्यांनी, आणि त्या मोहल्ल्यातली दारू बंद केली तीही त्यांनीच. फडताळावर चढून बसलेल्या मांजरासारखी ती दारू कुणाच्या बापाच्यानं उतरत नव्हती. मास्तरांनी एक नेम काढला. दंड नाही, मार नाही, पोलीस नाही. जो पिऊन दिसेल त्यानं रविवारी सकाळी विहारासमोर सगळ्यांपुढे उभं राहायचं, आपल्या तोंडानं "मी पेलो" म्हणून कबूल करायचं आणि पंचशील पुन्हा घ्यायचं. बस, एवढंच. ऐकायला किती सोपं! पण मोहल्ल्यातला दसरू त्या जागी उभा राहिला होता तेव्हा लहान पोरासारखा रडला होता, आणि त्यानंतर महिनाभर त्यानं रस्त्यावरून जाताना मान वर केली नव्हती. मास्तरांना ते बरोबरच वाटलं. लाज वाटली तरच माणूस सुधरतो, असं ते म्हणत. त्यांची स्वतःची लाजेशी कधी गाठ पडली नव्हती, म्हणून बोलणं सोपं होतं.

दोन दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा त्याच डॉक्टरांचा सूर बदलला. भागीरथा या वेळीही बाहेरच्या बाकावरच होती. रक्तात जुनी कावीळ मुरलेली होती. मास्तरांना आठवलं, नोकरीच्या सुरुवातीला कावीळ झाली होती, आणि तेव्हा सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या एका सुईवाल्याकडून त्यांनी ताकदीच्या सुयाही टोचून घेतल्या होत्या. "त्यातलंच काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "आतल्या आत लिव्हर खात राहिली. दारूनंच होतं असं नाही. मी आधी तसं विचारलं, वाईट वाटून घेऊ नका."

मास्तरांनी मनातला प्रश्न विचारला. "किती दिवस, साहेब?"

डॉक्टर खरे निघाले. "नेमकं कुणीच सांगू शकत नाही. एकदा पोटात पाणी झालं की निम्मी माणसं दोनेक वर्षांत जातात. काही त्याहून पुष्कळ काढतात. मीठ सोडा, गोळ्या चुकवू नका, पोट साफ राहू द्या." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण एक नीट ऐका. माणूस दिवसा झोपायला लागला, रात्री टक्क जागा राहिला, बोलताना अडखळायला लागला, हात फडफडायला लागले, की समजायचं, लिव्हरला जे विष गाळता येत नाही ते डोक्यात चढलं. त्या वेळी तुम्हाला स्वतःला काही कळणार नाही. म्हणून घरच्या माणसाला आजच सांगून ठेवा. तसं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं. आणि तसं एकदा झालं की मग गोष्ट वर्षांची राहत नाही, महिन्यांची होते. बायको आली आहे ना बरोबर? बोलवा, मीच सांगतो."

"नको साहेब. मी सांगतो ना."

आणि मास्तरांनी सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तर लिव्हर या शब्दापायी. पिपरटोल्यात लिव्हर गेलं म्हणजे माणूस दारूनं गेला. तिसरा अर्थ तर सोडाच, दुसरा अर्थही तिथे कुणाला ठाऊक नव्हता. भागीरथाचा बाप याच दुखण्यानं गेला होता, हातपाय काड्या आणि पोट हे एवढं. दिवसभर मोहाची दारू पिणारा माणूस तो, आणि तिची आई मरेपर्यंत गावभर सांगत फिरायची, "आता सोडली हो त्यायनं." भागीरथानं लग्नाला होकार दिला तेव्हा तिची एकच अट होती, न पिणारा पाहिजे. आईसारखं झाकत बसणार नाही, हेही तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. हे सगळं मास्तरांना माहीत होतं. त्यामुळे बाहेर येऊन ते तिला एवढंच म्हणाले, "पोटात पाणी झालं हाये. जुनी कावीळ हाये. मीठ बंद."

"अन् तो दारूचं काऊन इचारत होता?"

"सगळ्यायलेच इचारते तो."

एसटीत बसल्यावर भागीरथानं नवऱ्याच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. तिला बापाचं पोट आठवलं, आणि आठवलं याचीही तिला लाज वाटली.

हिवाळा बरा गेला. गोळ्यांनी पोट उतरलं, मास्तर शाळेत जाऊ लागले, विहारात रविवारची वंदनाही घेऊ लागले. नागभीडला दिलेली मुलगी येऊन बापाला पाहून गेली आणि समाधानानं परत गेली. भागीरथानं अळणी भाजी रांधायचा हात बसवला. आपणही तीच अळणी भाजी खायची, वर पुन्हा "बरी लागते" म्हणायची. मास्तरांना वाटलं असेल, सांगायची वेळ टळली. अशा गोष्टी टळत नसतात, पण सुख असलं की माणूस तेवढा विचार करत नाही.

चैत्र लागला आणि मोहफुलं गळायला लागली. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन रानात असतात आणि अंगणाअंगणात फुलं वाळत पडलेली असतात. गोडसर, उबट वास घरादारात भरून राहतो. दारू बंद झाली तरी फुलं वेचणं बंद झालेलं नव्हतं, ती विकली जातात. तो वास भागीरथाच्या ओळखीचा होता, अगदी लहानपणापासून.

त्याच दिवसांत मास्तर बदलले. शाळेतून दुपारी घरी येऊन झोपायला लागले. मग शाळेतच, खुर्चीवर. रात्री मात्र अंगणात येरझारा घालायचे. फळ्यावर लिहायला गेले की ओळ उतरत उतरत कोपऱ्यात जायची, आणि मोत्यासारख्या अक्षराचा माणूस 'क' काढताना अडून बसायचा. शेजारच्या गिरजाबाईच्या नातवानं घरी येऊन सांगितलं, मास्तरांच्या हातातला खडू नाचतो. गिरजाबाईनं ते विहिरीवर सांगितलं. विहिरीवर सांगितलेलं पुढे कुठे कुठे जातं ते मी काय सांगावं!

एका दुपारी ते झोपलेले असताना भागीरथा त्यांच्या अंगावरचं धोतर सारखं करायला वाकली, आणि थबकली. तोंडाला वास येत होता. गोड आणि कुजका. भिजत घातलेली मोहफुलं मडक्यात विसरून राहिली तर येतो, तसा.

ती तिथेच खाली बसली.

मग तिनं घर शोधलं. धानाची कोठी, चुलीमागची जागा, छपराचे वासे, मास्तरांची पिशवी, पुस्तकांच्या मागे. कुठेच काही सापडलं नाही. दुसऱ्या एखादीला तेवढ्यानं हायसं वाटलं असतं. पण भागीरथा पिणाऱ्याच्या घरात वाढली होती. पिणारा माणूस घरात ठेवत नाही, हे तिला पाठ होतं. काहीच सापडलं नाही म्हणून तिची खात्रीच झाली.

संध्याकाळी तिनं विचारलं. "अजी, तुमच्या तोंडाले मोहाचा वास काऊन येते?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले. उगाच, सुटल्यासारखे हसले. "मोह?" म्हणाले, आणि पुन्हा हसले. तिच्या बापाचं हसणं असंच होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नवऱ्याची किळस आली. आपण कुणाच्या जिवावर ताठ मानेनं गावात फिरत होतो, असं वाटून तिला रडू फुटलं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि बघता बघता झोपी गेले.

जयंतीचा दिवस उजाडला. बाबासाहेबांच्या जयंतीला पिपरटोल्यात सकाळी झेंडा, वंदना आणि मग मास्तरांचं भाषण, हा ठरलेला कार्यक्रम. भागीरथानं सकाळीच दाराला बाहेरून कडी घातली. विहाराच्या कमिटीचा लटारू बोलवायला आला, तर त्याला म्हणाली, "बरं नाई त्यायले."

तेवढ्यात आतून दार ठोकल्याचा आवाज आला. "भागीरथा! दार काऊन लावलं?" लटारूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. कडी लटारूनंच काढली.

मास्तर बाहेर आले ते बटणं वरखाली लागलेल्या सदऱ्यात. एकाच पायात चप्पल होती. लटारू त्यांच्या जवळ गेला, त्याच्या नाकाला वास लागला, आणि तो दोन पावलं मागे सरला. भागीरथानं ते पाहिलं. ती दोन पावलं तिला जेवढी झोंबली तेवढ्या पुढे कुणाच्या शिव्याही झोंबल्या नसत्या.

विहारासमोर सगळा मोहल्ला जमला होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, लाऊडस्पीकर घेऊन गडचिरोलीहून आलेली जीप. मास्तर झोके खात पुढे गेले. वंदना त्यांनीच म्हणायची होती. त्यांनी पहिली ओळ म्हटली, मग पुन्हा पहिलीच म्हटली, मग तिसऱ्यांदा तीच. लाऊडस्पीकरवरून ती अडखळती ओळ साऱ्या गावाला ऐकू जात होती. पोरं हसायला लागली. मोठी माणसं एकमेकांकडे पाहून जमिनीकडे पाहायला लागली. कुणाला काही बोलायचं नव्हतं. मास्तरांनी त्यांच्या पोरांना शिकवलं होतं, नोकरीला लावलं होतं. लटारूनं माइक बंद केला आणि हळूच म्हणाला, "घरी न्या भाऊ त्यायले. मंग पाहू."

ते तिथेच थांबलं असतं. थांबू दिलं नाही ते भागीरथानं.

ती बायकांमधून उठून पुढे आली. "मंग काऊन?" ती म्हणाली. "दसरूभाऊले उभं केलं तवा मंग पाहू म्हटलं होतं काय? नेम सगळ्यायले सारखा. म्या झाकणार नाई."

"जाऊ दे ना बाई," दसरूच म्हणाला.

पण तिच्या डोक्यात आई होती, गावभर "सोडली हो त्यायनं" सांगत फिरणारी. आपण तसं करायचं नाही, मेलो तरी करायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिला वाटत होतं, आपण खरेपणानं वागतो आहोत. तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"सांगा. सगळ्यायच्या पुढे सांगा. पेलो म्हणून सांगा."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेत एखाद्या पोराला उत्तर येत नसलं की ते जसं मास्तरांकडे बघे, तसं. "मी पेलो?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून खरंच आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाले, "तू म्हणते तर पेलो असंन."

आणि लोकांकडे वळून त्यांनी हात जोडले. हात जोडलेले राहिनात, फडफडत होते. "मी पेलो," ते म्हणाले. "चूक झाली."

मग लटारूनं एकेक शील सांगायचं आणि मास्तरांनी मागून म्हणायचं, असं सुरू झालं. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शिलाला, मास्तर थांबले. लटारूनं पुन्हा सांगितलं. मास्तर हळूहळू खाली बसले, मग आडवे झाले, आणि हलवून हलवूनही जागे झाले नाहीत.

जीपमधून त्यांना गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भागीरथा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तोंड पदरानं झाकून. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट ठोकून पाहिलं, डोळे पाहिले, वाकून मास्तरांच्या श्वासाचा वास घेतला. त्यांनी विचारायच्या आधीच भागीरथा म्हणाली, "मोहाची हाये. म्याच पकडली."

"मोहाची नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर काम करेनासं झालं की श्वासाला असाच गोडसर कुजका वास येतो. दिवसा झोपत होते का? रात्री जागे? बोलण्याचं काही कळत नव्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

भागीरथाला सांगता येईना. तिला सगळं आठवत होतं, फळा, खडू, खुर्चीवरची झोप. तिनं ते सगळं पाहिलं होतं. पण आजार म्हणून नव्हतं पाहिलं, गुन्हा म्हणून पाहिलं होतं.

"हे डोकं फिरणं दारूचं नाही. विष चढलं आहे, उतरवू. पण लवकर आणायला हवं होतं. पहिल्या दवाखान्यात सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"मले बाहेर बसवलं होतं," ती म्हणाली.

डॉक्टर कामाला लागले. एनिमा दिला, सलाईन लावलं, नाकातल्या नळीतून औषध गेलं. भागीरथा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. आपण दारुड्याची पोर आहोत, आपल्याला दुसरं काही दिसतच नाही, सोन्यासारख्या माणसाच्या तोंडाचा आपण पोलिसासारखा वास घेतला, त्याला बाहेरून कडी लावली, आणि सगळ्या गावापुढे त्याच्या तोंडून खोटं वदवून घेतलं. आजारी माणसाला पाणी द्यायचं सोडून आपण त्याच्याकडून कबुली घेतली. हे सगळं तिला एकदम कळलं आणि रडायलाही तोंड उरलं नाही.

मास्तर परत आले. हळूहळू, टप्प्याटप्प्यानं, एकेक दिवस थोडे थोडे. आधी तिचं नाव घेतलं, मग शाळेचं, मग वार कुठला ते विचारलं. होळीनंतरचं काहीच त्यांना आठवत नव्हतं. आणि शुद्धीवर येताच त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सारं तिला सांगून टाकलं.

"तवाच सांगाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "लाज वाटली मले. तुह्या बापाचं दुखणं न् माह्यं दुखणं एकच म्हणून कसं सांगू? तुले वाटलं असतं, हाबी तसाच."

भागीरथा त्यांच्या पायाशी बसली होती. जयंतीला काय झालं ते सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिनं चादरीचं टोक त्यांच्या पायांवर ओढून घेतलं.

"जयंतीचं भाषण राह्यलंच माह्यं," मास्तर म्हणाले.

"हो. राह्यलं."

घरी सोडताना त्यांनी डॉक्टरांना तिच्यादेखत विचारलं. आता तिला बाहेर बसवायचं काही कारण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला परत आलात. दर खेपेला याल असं नाही. औषध नीट चाललं तर पावसाळा निघेल असं मला वाटतं. पुढचं मी सांगत नाही." मास्तरांनी शांतपणे मान हलवली. त्यांची एकच इच्छा होती, राहिलेले दिवस चांगल्या नावानं जावेत. तसं ते बोललेही. "गावात आपलं नाव चांगलं हाये, हे काय कमी हाये?" भागीरथानं पिशवी भरायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

एसटीत तिनं सांगायचं ठरवलं होतं. गाडी सुटली, तिनं तोंड उघडलं, तोवर मास्तरांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. त्यांना झोप लागली की आता तिला वाटायचं, विष पुन्हा चढलं. ती त्यांना हलवून जागं करी. "काय व?" ते म्हणत. "काई नाई," ती म्हणे. साऱ्या वाटेत असंच चाललं. पळसाची, मोहाची झाडं मागे जात राहिली आणि तिचं सांगायचं तसंच राहिलं.

पिपरटोल्याच्या थांब्यावर माणसं उभी होती. लटारू होता, दसरू होता, गिरजाबाई आणखी दोघीतिघींना घेऊन आली होती. गुन्हा केलेल्याला सामोरी यावीत तशी नव्हती आलेली, प्रेमानं आली होती. मला विचाराल तर तेच वाईट झालं. दसरू पुढे झाला आणि त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातात धरला.

"मास्तर, लाजू नका बरं," तो म्हणाला. "होते गा माणसाच्या हातून. मी बी त्याच जागेवर उभा झालो होतो. चार दिवस वाईट वाटते, मंग जाते."

"कायची लाज?" मास्तर म्हणाले.

दसरूला वाटलं, ते विषय टाळताहेत. त्यानं हात थोपटला. लटारू जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुमी सगळ्यायच्या पुढे कबूल केलं, हेच मोठं केलं. दुसरा असता तर नाई म्हटलं असतं."

"काय कबूल केलं मी?"

मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी बायकोकडे पाहिलं.

भागीरथानं पिशवी खाली ठेवली. "त्यायनं कवाच घेतली नाई," ती मोठ्यानं म्हणाली. "थेंब नाई घेतली. ते दुखणं होतं. डॉक्टरनं सांगतलं मले. तो वास दारूचा नोयता, दुखण्याचा होता. त्यायले सुदच नोयती. म्या म्हटलं पेलो म्हणा, म्हणून ते म्हणले. चूक माही हाये. त्यायची नाई."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर आभाळ फाटेल. लोक तिला शिव्या देतील, तिच्या तोंडावर थुंकतील. तेही तिनं सोसलं असतं, आनंदानं सोसलं असतं. पण तसं काही झालंच नाही. गिरजाबाई पुढे आली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाली, "हो बाई, हो."

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. त्या माना भागीरथानं ओळखल्या. पिणाऱ्याची बायको नवऱ्याची बाजू घेऊन बोलते तेव्हा बाया अशाच माना हलवतात. तिच्यावर कुणी रागावलं नव्हतं. तिच्यावर कुणाचा विश्वासच बसला नव्हता.

"खरं सांगून राह्यली मी!" ती ओरडली.

"कोण नाई म्हणते बाई," लटारू म्हणाला. "चाला, ऊन होऊन राह्यलं. मास्तरायले घरी न्या."

मास्तर घराकडे चालू लागले. सावकाश, एकेक पाऊल टाकत. भागीरथा पिशवी घेऊन मागून. मोहल्ल्यातली माणसं दारात उभी राहून त्यांना नमस्कार करत होती, जरा जास्तच आदरानं, आणि मास्तर कुणाकडे पाहत नव्हते. विहार मागे पडलं तेव्हा ते थांबले.

"मी म्हटलं? माह्या तोंडानं?"

"हो."

"सगळ्यायच्या पुढे?"

"हो जी. अन् त्या सकाळी बाहेरून कडीबी म्याच लावली होती."

त्यांनी विहाराकडे वळून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्यायचं जाऊ दे. तुले तं मालूम हाये ना, मी नाई पेलो म्हणून?"

"हाये."

"कवापासून?"

आधीपासून, असं म्हणणं किती सोपं होतं. लग्न झालं त्या दिवसापासून, असंही म्हणता आलं असतं. ऐकायला त्यांच्याइतकं आतुर दुसरं कुणीच नव्हतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

"डॉक्टरनं सांगतलं तवापासून," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. लाजेनं तिला वर पाहवेना. त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहत ती उभी राहिली.

"पावसाळा निघन म्हणते तो," मास्तर म्हणाले. "तेवढ्यात जमते काय पाह्य, माह्या शब्दावर इस्वास ठेवाले."

एवढं बोलून त्यांनी चालायला सुरुवात केली. दाराशी पोचल्यावर कडी काढायला म्हणून त्यांनी हात वर नेला, आणि मग तो तसाच खाली घेऊन, ती येऊन दार उघडेपर्यंत बाजूला उभे राहिले.